दत्तक नामंजूर, पालकत्व बेदखल!

मराठी शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला ‘दत्तक वारस नामंजूर’ हे शब्द पाठ आहेत. १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर. डलहौसीसाहेबाने कलम फिरवली आणि राज्ये खालसा झाली. मूल कोणाचे मानायचे हे सरकार ठरवू लागले की काय होते, ते मराठी माणसाने अगदी घरात पाहिले आहे. कंपनी सरकार गेले, राणीचे सरकार गेले, आपल्या डोक्यावरचा निजामही गेला. पण ‘हे मूल तुझे आहे याला कागद काय?’ हा प्रश्न तेवढा मागे राहिला. पूर्वी तो राजवाड्याच्या दारात विचारला जाई. आता तो बेला, जैनथ, तामसीच्या शेतकऱ्याला विचारला जातो आणि आदिलाबादेतल्या रिक्षावाल्या मुसलमानालाही विचारला जातो.

या अंकासाठी आम्ही निवडलेला विषय काही वाचकांना खटकेल. परदेशी दत्तक, मुसलमानांचे पालकत्व, म्हणजे ज्याला त्यांच्या शरीयतमध्ये ‘कफाला’ म्हणतात, यांवर सरकारने घातलेली बंधने. मराठी मंडळाच्या वार्तापत्राला यांच्याशी काय देणेघेणे? सीमाप्रश्नावर लिहा, मराठी शाळांच्या बंद पडणाऱ्या वर्गांवर लिहा, कापसाच्या भावावर लिहा. लिहितोच आहोत. पण बंधुभगिनींनो, हा विषय त्याच रांगेत बसतो. कसा, ते सांगतो.

आम्ही बँकेच्या काउंटरमागे बसणारी माणसे. शिक्षण बी.कॉम., वकिलीची सनद आमच्याजवळ नाही. पण माणसाच्या आयुष्यातले सगळे नातेसंबंध एकदा तरी आमच्या खिडकीसमोर कागदाच्या रूपाने येऊन उभे राहतात. अज्ञान मुलाच्या नावाने खाते उघडायचे असेल तर अर्जात एक रकाना असतो : पालकाचे नाव आणि नाते. त्या रकान्यात बाप लिहिला की काम पुढे सरकते. आई लिहिली तरी सरकते. (तेसुद्धा सुखासुखी झालेले नाही. गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली, तर अर्ज परत आला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे १९९९ मध्ये आई हीसुद्धा बापाइतकीच पालक असते असा निकाल मिळाला.) पण त्या रकान्यात काका, मामा, आत्या, आजी लिहिले की आमची कलम थांबते. हिंदू असो वा मुसलमान, काका कायद्याने ‘नैसर्गिक पालक’ नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये नवे परिपत्रक काढले, दहा वर्षांवरील मुलाला स्वतः खाते चालवण्याची मोकळीक बँकांनी द्यावी म्हटले. चांगली गोष्ट आहे. पण दहाच्या आतल्या मुलासाठी त्यातही शब्द तोच : नैसर्गिक किंवा कायदेशीर पालक. कायदेशीर म्हणजे कोर्टाने नेमलेला. मग आम्ही त्या काकाला सांगतो, ‘कोर्टाचा कागद आणा.’ तो विचारतो, ‘कोणता कागद?’

खरा प्रश्न तोच आहे. कोणता कागद? हिंदू घरात याचे एक उत्तर आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा. भावाचे मूल घ्यायचे, दत्तविधान करायचे, दस्त नोंदवायचा. नोंदलेल्या दस्ताला कायदा गृहीत धरतो. मूल त्या दिवसापासून नव्या घरचे, जुन्या घराशी वारसाचे नाते तुटले. पण आपल्याकडे किती घरांत असे होते? आपल्या भागात बाप गेला, कर्जाने गेला किंवा फवारणीच्या औषधाने गेला, आणि आई दुसरीकडे गेली, की पोर चुलत्याकडे किंवा मामाकडे वाढते. दत्तक कोणी घेत नाही. घेण्याची गरजही वाटत नाही, कारण बापाचे नाव पुसायचे नसते, बापाच्या दोन एकरांवरचा हक्क सोडायचा नसतो. पोराला कोणी विचारले तर ते बापाचेच नाव सांगते आणि जेवते मामाच्या ताटात. वसुदेवाचा तो वासुदेव आणि वाढला नंदाच्या घरी, यशोदेच्या मांडीवर. कीर्तनात हे ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण नंद जर बँकेत आला असता तर ‘नाते’ या रकान्यात काय लिहिले असते, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही.

आता मुसलमानांचा कफाला काय आहे ते पाहा. पैगंबर स्वतः अनाथ होते. आधी आजोबांनी आणि मग काका अबू तालिब यांनी त्यांना सांभाळले. अनाथाला सांभाळणे हे त्या धर्मात मोठे पुण्य आहे. मात्र कुराणाच्या अहज़ाब या अध्यायात सांगितले आहे की, मानलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा. पैगंबरांनी मुलासारखा वाढवलेला ज़ैद हा आधी त्यांच्याच नावाने ओळखला जाई, नंतर तो पुन्हा ज़ैद इब्न हारिसा झाला. म्हणजे मूल वाढवायचे, शिकवायचे, खाऊपिऊ घालायचे, लग्न करून द्यायचे, पण त्याचे कूळ पुसायचे नाही. आपोआप वारसा मिळत नाही. मात्र मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत देता येते. आता सांगा, हा कफाला आणि आपल्या मामाच्या घरी वाढलेले पोर, यांत फरक किती? आम्हाला तरी फार दिसत नाही. म्हणून म्हटले, विषय आपलाच आहे.

या मुसलमान काकाला कायद्यात काय मिळते? १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केलेला, मुख्यतः जमीनजुमला असलेल्या पोरक्या मुलांच्या मालमत्तेची देखरेख व्हावी म्हणून. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, वकील करायचा, नोटिसा निघायच्या, तारखा पडायच्या. नारनूर-गाडीगुड्याहून जिल्ह्याच्या गावी येणाऱ्याचा एका तारखेला एक दिवस आणि एक रोज बुडतो. इतके करून हुकूम मिळाला तर तो चालतो कुठवर? मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत. अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी ते नाते कायद्याच्या लेखी संपते. (१९९९ पर्यंत कोर्टाने पालक नेमलेल्या मुलाची सज्ञानता एकविसाव्या वर्षी धरत. ती दुरुस्ती झाली.) सोळा वर्षे ज्याने पोटच्या पोरासारखे वाढवले तो सतराव्या वर्षी पालक, आणि अठरा संपले की परका. वारस नाही, कुटुंबीय नाही, नोकरीच्या ठिकाणच्या दवाखान्याच्या कार्डात नाव घालायचे म्हटले तर तेही नाही.

हे झाले देशातल्या देशात. परदेशाचे दार तर याहून अरुंद आहे, आणि ते अरुंद का झाले याची गोष्ट आपल्याच जुन्या राज्यात घडली आहे.

१९९९ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशात दत्तकाचा बाजार उघडकीस आला. नलगोंडा जिल्ह्यातल्या देवरकोंड्याच्या बाजूचे लंबाडा तांडे, दुष्काळी मुलूख, घरात दोन-तीन मुली आधीच. दलाल तांड्यात जायचे, नवजात मुलगी उचलायचे, आईच्या हातावर काही शे किंवा काही हजार रुपये ठेवायचे. ती मुलगी हैदराबादेतल्या संस्थेत पोहोचायची आणि तिथून अमेरिका-युरोपातल्या जोडप्याकडे. ते जोडपे मोजायचे ते हजारो डॉलर. मधला फरक कोणाच्या खिशात गेला, हे समजायला बी.कॉम. व्हावे लागत नाही. गीता रामस्वामी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि वर्तमानपत्रांनी हे प्रकरण धसास लावले. संस्थांवर छापे पडले, मुले सरकारी शिशुविहारात हलवली गेली. पुण्यातही पुढे एका नावाजलेल्या संस्थेच्या परदेशी दत्तकांची सीबीआय चौकशी झाली. तेव्हा हा केवळ तेलुगू मुलखाचा कलंक आहे असे समजून कोणी महाराष्ट्राकडे बोट दाखवून मिरवू नये.

यावर त्या वेळच्या चंद्राबाबू नायडू सरकारने काय केले? २००१ मध्ये हुकूम काढला की, गरिबी, मुलांची संख्या किंवा नकोशी मुलगी या कारणांसाठी जन्मदात्यांनी मूल सोडून देणे यापुढे चालणार नाही. ऐकायला झकास. गरिबीमुळे कोणी मूल सोडू नये, हे कोण नाकारील? पण हुकुमाने गरिबी जाते काय? तांड्यावर रेशन वाढले नाही, बाळंतिणीला पगार सुरू झाला नाही, मुलीच्या जन्माने सासरी होणारा छळ थांबला नाही. सरकारी दार तेवढे बंद झाले. ज्या बाईला मूल खरोखरच सांभाळता येत नाही तिच्यासमोर उरले काय? एक तर मागचे दार, नाहीतर काटेरी झुडूप. सरकारने दलालाचा धंदा बंद करायचा सोडून आईचा रस्ता बंद केला. ज्या परदेशी कुटुंबांच्या फायली आधीच अर्ध्यावर होत्या त्याही अडकल्या. मुले शिशुविहारात मोठी होत राहिली आणि कोर्टात तारखा पडत राहिल्या.

आम्हाला चुकीचे समजू नका. परदेशी दत्तकावर निर्बंध असलेच पाहिजेत. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, न्यायमूर्ती भगवतींच्या निकालाने, पहिल्यांदा नियम घालून दिले, ते योग्यच होते. तोवर गोरा साहेब यायचा, जिल्हा न्यायालयातून त्याच १८९० च्या कायद्याखाली पालकत्वाचा हुकूम घ्यायचा आणि मूल विमानात बसवायचा. हो, तोच कायदा! परदेशी माणसाने मूल देशाबाहेर नेण्यासाठी जो कायदा वर्षानुवर्षे पुरला, तो आपल्याच गावातल्या काकाला बँकेतले काम करून द्यायला अपुरा पडतो. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली. २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला. आधी देशात घर शोधायचे, न मिळाले तर बाहेर, हे तत्त्व आले. २०१७ मध्ये बिहारमधून दत्तक गेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा अमेरिकेत टेक्सासमध्ये मृत्यू झाला, दत्तक बापाला जन्मठेप झाली. असे ऐकले की वाटते, अजून चार कुलुपे लावा. लावा. पण कुलूप दलालाच्या दाराला लावा. २०२४-२५ मध्ये देशभरात कारामार्फत ४,५१५ दत्तके झाली, त्यांतली ४,१५५ देशातल्या देशात. म्हणजे बाहेर गेलेली साडेतीनशेच्या आसपास. दुसरीकडे मूल मिळावे म्हणून नाव नोंदवून बसलेल्या जोडप्यांना तीन-साडेतीन वर्षे वाट पाहावी लागते. एवढ्या मोठ्या देशात एवढीच मुले अनाथ आहेत, यावर कोणाचा विश्वास बसेल? मुले आहेत. ती कागदावर नाहीत.

मुसलमानांच्या बाबतीत तर इतिहास आणखीच गमतीचा आहे. १९७२ मध्ये सर्व धर्मांसाठी एकच दत्तक विधेयक आले. मुस्लिम पुढाऱ्यांनी विरोध केला, ते बारगळले. १९८० मध्ये मुसलमानांना वगळून दुसरे आणले. तेव्हा मुंबईच्या पारशांमधून विरोध झाला, तेही बुडाले. मधल्या काळात ज्यांना मूल हवे होते ते पालकत्वाच्या हुकुमावर भागवत राहिले. ख्रिस्ती जोडप्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाला वाट काढून द्यावी लागली. मग बाल न्याय कायदा आला. शबनम हाश्मी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सरन्यायाधीश सदाशिवम यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येईल. ज्याला घ्यायचे नाही त्याच्यावर सक्ती नाही. २०१५ च्या कायद्यात तर ‘धर्म कोणताही असो’ असे शब्दच घातले गेले.

आता या खटल्यात मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने काय म्हटले ते पाहा. बोर्डाने सांगितले की, इस्लाममध्ये दत्तक मूल पोटच्या मुलाबरोबरीचे मानत नाहीत, आमच्याकडे कफाला आहे, बालकल्याण समित्यांनी तो ध्यानात घ्यावा. बोर्डाचे म्हणणे आम्ही वाचले आणि आमचा सवाल बोर्डालाच आहे. महाशय, कफाला आहे ना? मग त्या कफाल्याला कायद्याचे हातपाय मिळावेत म्हणून तुम्ही इतक्या वर्षांत कोणता मसुदा दिलात? दत्तकाला नकार द्यायला तुम्ही न्यायालयात धावलात, पण अठराव्या वर्षी परक्या होणाऱ्या पोरासाठी कधी मोर्चा काढल्याचे आम्हाला आठवत नाही. नाव कफाल्याचे आणि पोर वाऱ्यावर, असे चालणार नाही.

तितकाच सवाल आमच्या दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही आहे. समान नागरी कायदा, समान नागरी कायदा असा घोष करणाऱ्यांना. उत्तराखंडाने २०२४ मध्ये तो कायदा केला, जानेवारी २०२५ मध्ये लागू केला. लग्न आले, घटस्फोट आला, वारसा आला, लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांची नोंदणीसुद्धा आली. दत्तक आणि पालकत्व? ते बाहेरच राहिले. प्रौढांच्या शयनगृहात डोकावायला सरकारला वेळ मिळाला, पोरक्या मुलाच्या पालकाचा प्रश्न सोडवायला मिळाला नाही. पोरांना मत नसते, एवढेच त्याचे कारण असावे.

परदेशी सरकारांचे वागणे याहून वेगळे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात दत्तकाच्या बरोबरीने कफाला हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. तरी फ्रान्सने २००१ मध्ये कायदा केला की, ज्या मुलाच्या देशात दत्तकाला मनाई आहे त्याचे फ्रान्समध्ये दत्तक होणार नाही. २०१२ मध्ये एक फ्रेंच बाई अल्जीरियातून कफाल्याने आणलेल्या मुलीसाठी युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि हरली. त्याच वर्षी मोरोक्कोच्या न्यायमंत्र्याने परिपत्रक काढून परदेशात राहणाऱ्यांना कफाला देणे थांबवायला सांगितले. कॅनडाने २०१३ मध्ये पाकिस्तानातून येणारी मुले बंद केली. कारण काय, तर तिथे दत्तक नाही, पालकत्व आहे. आणि ते पालकत्व कोणत्या कायद्याखाली? पुन्हा तोच १८९० चा! फाळणीत त्यांनीही तो नेला. इंग्रज दोघांनाही एकच कुलूप देऊन गेला आणि किल्ली दोघांनीही केली नाही.

आता हे आदिलाबादला कुठे लागते? अहो, आपल्या जिल्ह्यातून, शेजारच्या निर्मल, निजामाबाद, जगित्यालमधून घरटी माणूस आखातात आहे, हिंदूही आहे आणि मुसलमानही. आपली शिकलेली मुले आता अमेरिकेत, कॅनडात आहेत. भाऊ अपघातात गेला, वहिनी गेली, तर पुतण्याला सोबत नेणे हे त्यांचे कर्तव्य. पण व्हिसाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला कर्तव्य कळत नाही, त्याला नाते दाखवणारा हुकूम लागतो. हिंदू माणसाने गावी येऊन नोंदणीकृत दत्तकपत्र केले तरी ते बाहेर एकट्याने चालत नाही, काराचे नाहरकत पत्र लागते. २०२१ पर्यंत अशा दत्तकांना काराकडून ते पत्र मिळण्याची धड वाटही नव्हती. मुसलमान काकाकडे तर पालकत्वाचा हुकूम, आणि तो दत्तक नव्हे म्हणून परत. तो म्हणतो, ‘मी भावाचे नाव पुसणार नाही.’ अधिकारी म्हणतो, ‘मग मूल नेता येणार नाही.’ श्रद्धा सोड किंवा पुतण्या सोड. असा पर्याय माणसासमोर ठेवणारे नियम चांगले कसे म्हणावेत?

सरकारने अलीकडे एक सुधारणा केली, तिचे स्वागत. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वेळ वाचला. पण पालकत्वाचा अर्ज मात्र अजून जिल्हा न्यायालयातच. एकाच गावात दोन इमारती. दत्तक घेणाऱ्याला पहिल्या इमारतीत, आणि मूल फक्त सांभाळू इच्छिणाऱ्याला दुसऱ्या इमारतीत, वकिलासह. करोनात आईबाप गेलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१ मध्ये योजना आणली, अठराव्या वर्षापर्यंत दहा लाखांचा निधी. त्या पैशाचे खाते पोस्टात, मूल आणि जिल्हाधिकारी यांच्या संयुक्त नावाने. जिल्हाधिकाऱ्याची बदली होते, दुसरा येतो, तोही त्या खात्यावर पालक. आणि रोज रात्री त्या पोराला भाकर वाढणारी आजी? तिचे नाव कशावरच नाही.

नुसती बोंब मारणे आमच्या स्वभावात नाही. आमचे मागणे असे की, बाल न्याय कायद्यातच दत्तक आणि तात्पुरते संगोपन या दोहोंच्या मध्ये एक तिसरी पायरी असावी : कायम पालकत्व. धर्माची अट नको, हिंदूलाही खुले, मुसलमानालाही, गोंड-कोलामांनाही, ज्यांच्या स्वतःच्या रीती वेगळ्या आहेत. मुलाच्या बापाचे नाव तसेच राहील, बापाच्या पट्ट्यावरचा हक्क तसाच राहील. पालकाला शाळा, दवाखाना, बँक, पासपोर्ट या चारही ठिकाणी आईबापाइतकाच अधिकार राहील. अठराव्या वर्षी अज्ञानपालकत्व संपले तरी कुटुंबीय हे नाते संपू नये. हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावा, पण मुलाच्या नावे जमीन असेल तर मात्र न्यायालयाचे लक्ष राहिलेच पाहिजे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पोरक्या पुतण्याचे दोन एकर गिळणारे काकाही आम्ही पाहिले आहेत. सगळेच नंद नसतात. आणि परराष्ट्र खात्याने हे कायम पालकत्व इतर देशांकडून मान्य करून घ्यावे. १९९६ च्या हेग करारात कफाल्याची तरतूद आहे. भारत त्यात अजून सामील झालेला नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. २०१५ च्या कायद्यानुसार ज्या आईला मूल सांभाळणे अशक्य आहे तिने बालकल्याण समितीसमोर सही करायची आणि तिला दोन महिने फेरविचाराला मिळतात. उत्तम तरतूद. पण ती सही ज्या कागदावर होते तो तेलुगूत किंवा इंग्रजीत. आमच्या भागातली आई मराठी बोलते, गोंडी बोलते, लंबाडी बोलते. उर्दूला तेलंगणाने २०१७ मध्ये राज्यभर दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण पोटचे पोर सोडण्याच्या कागदावर काय लिहिले आहे, ते तिला तिच्या भाषेत वाचून दाखवू नये? कशावर अंगठा उठवतो आहोत हे न कळता उठवलेल्या अंगठ्यावरच देवरकोंड्याचा बाजार पोसला गेला. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. मग सही घेतानाच सरकारला ती भाषा का येत नाही?

पैनगंगेचेही सांगायचे राहिले. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आपल्याच जिल्ह्यात होते. रेघ ओढली गेली, नातीगोती मात्र दोन्ही काठांवर राहिली. किनवटच्या बहिणीचे पोर बेल्याच्या मामाकडे असते. त्याचा जन्मदाखला महाराष्ट्राचा, आधार तेलंगणाचा, शाळा मराठी, मी-सेवा केंद्रातला अर्ज तेलुगू. त्याची बालकल्याण समिती नांदेडची की आदिलाबादची? दोन्हीकडे विचारून पाहा, दोन्हीकडचे पलीकडे बोट दाखवतात. दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून अशा मुलांची यादी करायला कोणता नवा कायदा लागतो?

ज्यांना अजूनही वाटते की दत्तक, पालकत्व हे घरचे मामले, त्यात राजकारण कशाला, त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे स्मरण करावे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे शेतकऱ्याचे पोर १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीला दत्तक गेले. त्या वेळी सरकारने नामंजूर म्हटले नाही. त्याच्या वर्षभर आधी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी एका विधवा ब्राह्मण बाईचे मूल, यशवंत, आपले म्हणून घेतले होते. कोणाचे मूल, कोणत्या जातीचे, हे न विचारता. त्यांनी कोणाची परवानगी मागितली असती तर दीडशे वर्षांपूर्वी ती कोणी दिली असती, याचा विचार करा.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला आणि एक खासदारांना, तिन्ही मराठीत, सोबत तेलुगू भाषांतर. शहरातल्या मशिदीच्या समित्यांनाही आम्ही प्रत देणार आहोत. त्यांनी सही केली तर आनंद आहे, नाही केली तर का नाही ते लेखी विचारू. ज्या सभासदांच्या घरी भावाचे, बहिणीचे, शेजाऱ्याचे मूल विनाकागद वाढते आहे त्यांनी मुलाचा जन्मदाखला, आईबापांचे मृत्यूदाखले आणि शाळेचे बोनाफाईड घेऊन बैठकीला यावे. मुलाचे नाव आम्ही कुठेही छापणार नाही. यादी किती होते, ते आधी मोजू द्या.